अर्थची पिन कापू नका, आणि मिक्सर लावण्याआधी दर वेळी व्होल्टेज मोजा

तुम्ही लिहिलंय की वाडीच्या मंडळाने गणपतीतल्या भजनांसाठी नवा मिक्सर घेतला, पहिल्याच दिवशी बटण दाबल्यावर स्पीकरमधून धाडकन आवाज आला, आता सतत घूं असं घुमतं आणि कोणीतरी प्लगची जाड पिन, म्हणजे अर्थची पिन, काढून टाकायला सांगितलं आहे. ते वाचून स्वस्थ बसवेना. मी गेली 18 वर्षं सिंधुदुर्गात भजनं, दशावतार, जत्रा, लग्नं असा साउंड लावतो, आणि तुम्ही आज जिथे उभे आहात तिथे मीही उभा होतो. आधीच सांगतो, माझ्याकडे वायरमनचा परवाना नाही. मीटरपासून बोर्डापर्यंतचं काम परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. बोर्डापासून पुढचं मी सांगतो.

पहिलं म्हणजे ती पिन कापू नका. कोणी कितीही जाणकार असो, त्याचं याबाबतीत ऐकू नका. पिन काढली की घुमणं कधीकधी खरंच थांबतं, म्हणून लोकांना तो उपाय वाटतो. पण ॲम्प्लिफायरच्या आत कुठे फेज, म्हणजे करंटची जिवंत वायर, बॉडीला लागला तर तो जायला दुसरी वाट उरत नाही. तो केबलच्या जाळीतून माईकच्या लोखंडी जाळीपर्यंत पोचतो, आणि बुवांचे ओठ तिथेच असतात. आमच्याकडे एका बुवांनी "ओठाक मुंगयो येतत" म्हणून गाणं थांबवलं होतं. नशीब, मुंग्यांवरच भागलं. पाऊस, ओली जमीन, अनवाणी माणसं, हातात पितळी टाळ आणि तोंडासमोर माईक असतो, हे डोळ्यांसमोर आणा.

धाडकन आवाजाचं कारण साधं आहे. ॲम्प आधी चालू होता, मिक्सर नंतर चालू केलात. मिक्सर सुरू होताना त्याच्या आउटपुटला झटका येतो आणि जागा असलेला ॲम्प तो मोठा करून स्पीकरला देतो. सगळे फेडर (आवाजाच्या सरकत्या पट्ट्या) खाली, मास्टर खाली, आधी मिक्सर, अर्ध्या मिनिटाने ॲम्प. बंद करताना उलटं, आधी ॲम्प. कंडेन्सर माईक असेल तर 48 व्होल्टचं फॅन्टम बटण (त्या माईकला वीज देणारं) ॲम्प चालू करण्याआधी दाबा, किंवा तो चॅनेल म्यूट करून मगच दाबा. गेन, इक्यू, शिट्टी याबद्दल मी लिहीत बसत नाही, ते तुम्हाला हाताने करून जमेल. मला लिहायचंय ते त्याच्याही आधीचं आहे.

2016 च्या मार्गशीर्षात कुडाळ तालुक्यातल्या एका जत्रेत डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, होती. आमच्या मंडळाचा 16 चॅनेलचा मिक्सर तेव्हा सहा महिन्यांचा होता. मुंबईच्या चाकरमान्यांनी पै-पै जमवून दिलेले 40 हजार रुपये त्यात होते. संध्याकाळी साडेपाचला मी बोर्डावर मल्टिमीटर लावला, 228 दिसले, समाधानाने मीटर बॅगेत ठेवला. सातला पहिली बारी उभी राहिली. आठ वाजता लाईट गेली. मी लगेच ॲम्प बंद केले, मिक्सर बंद केला, फेडर खाली घेतले. सगळं बरोबर केलं होतं. मंडपवाल्याने जनरेटर लावला, मी पुन्हा मोजलं, पुन्हा सुरू केलं. तोपर्यंतही बरोबर.

साडेआठच्या सुमारास कोणीतरी ओरडलं, "लाईट इली रे!" मी परत सगळं बंद केलं. मंडपवाल्याच्या माणसाने चेंजओव्हरचा, म्हणजे जनरेटरवरून लाईटवर आणणाऱ्या स्विचचा, दांडा वर केला. देवळासमोरचे हॅलोजन एकदम पांढरेफटक पेटले. खाज्याच्या दुकानांकडचे मात्र पिवळे, मलूल झाले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि मनात म्हटलं, आज व्होल्टेज चांगला आलाय. दुसऱ्या बारीचे बुवा पेटीवर सूर धरून बसले होते, पखवाजवाला माझ्याकडे बघत होता, लोक टाळ्या वाजवायला लागले होते. बॅग हाताच्या अंतरावर होती. मी मीटर काढला नाही. मिक्सरचं बटण दाबलं.

दहा-बारा सेकंद दिवे लागले होते. मग मागच्या बाजूने तो वास आला. ज्याने एकदा घेतलाय तो विसरत नाही. मिक्सर गेला, कॉर्डलेस माईकच्या रिसीव्हरचे दोन ॲडॅप्टर गेले, बुवांच्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा ॲडॅप्टर गेला. ॲम्प वाचले, कारण ते शेवटी चालू करायचे म्हणून अजून बंद होते. मग मी मीटर लावला. 340 व्होल्ट.

झालं होतं ते असं. देवळात थ्री फेज सप्लाय. तीन फेज आणि एक न्यूट्रल, म्हणजे करंट परत जायची वायर. प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यात 230, पण दोन फेजमध्ये 400 च्या आसपास. त्या जुन्या चेंजओव्हरमधली न्यूट्रलची पात जळून काळी पडली होती आणि वरच्या बाजूला नीट टेकतच नव्हती. न्यूट्रल सुटला की वेगवेगळ्या फेजवरची उपकरणं एकमेकांच्या मागे जोडल्यासारखी होतात आणि तो 400 आपापसांत वाटून घेतात. ज्या फेजवर लोड जास्त तिथे व्होल्टेज पडतो, ज्या फेजवर कमी तिथे चढतो. दुकानांकडे लोड भरपूर होता, आमच्या फेजवर चार हॅलोजन आणि बंद साउंड. म्हणून एका बाजूचे दिवे लखलखीत आणि दुसऱ्या बाजूचे मलूल. हे दृश्य कुठेही दिसलं तर त्या क्षणी सगळे प्लग उपटा. बटणं बंद करून थांबू नका, प्लगच उपटा.

म्हणून माझा एकच आग्रह आहे. सप्लाय बदलला की मोजायचं. सकाळी मोजलं होतं, मघाशी मोजलं होतं, हे चालत नाही. लाईट गेली आणि आली, जनरेटर लागला, जनरेटर सुटला, मंडपवाल्याने बोर्ड इकडचा तिकडे केला, प्रत्येक वेळी. दहा सेकंद लागतात. बुवा थांबतात. लोकही थांबतात. मी त्या दिवशी थांबायला लाजलो, आणि चाकरमान्यांचा पैसा गेला, ते मला अजून लागतं.

मोजायचं कसं? टेस्टरवर विसंबू नका. टेस्टर फेज आहे एवढंच सांगतो, न्यूट्रल जागेवर आहे की नाही ते सांगत नाही. उलट न्यूट्रल तुटलेला असेल आणि त्याच बोर्डावर काही चालू असेल तर टेस्टर दोन्ही भोकांत पेटतो. तसा पेटला तर तो इशारा समजा. मल्टिमीटर एसी व्होल्टच्या सगळ्यात वरच्या आकड्यावर ठेवा. लाल वायर व्होल्टच्या भोकात आहे ना, अँपिअरच्या भोकात नाही ना, हे प्रत्येक वेळी बघा. त्या चुकीने हात भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. बोर्डावर 100 वॉटचा जुना पिवळा बल्ब पेटता ठेवून मोजा, कारण ढिला न्यूट्रल लोड नसताना साळसूद आकडा दाखवतो. फेज-न्यूट्रल मोजा, फेज-अर्थ मोजा, न्यूट्रल-अर्थ मोजा. पहिले दोन आकडे जवळपास सारखे आणि तिसरा दोन-चार व्होल्टच्या आत हवा. 200 च्या खाली किंवा 250 च्या वर असेल तर मी मिक्सर लावत नाही. ही माझी मर्यादा आहे, कोणी वेगळी सांगेल. जनरेटर असेल तर तो सुरू झाल्या झाल्या नाही, पाच मिनिटं चालू द्या आणि मगच मोजा.

शिवाय व्होल्टेज चढला-उतरला की आपोआप तोडणारं प्रोटेक्टर मिळतं. मी मिक्सरच्या बोर्डाला ते कायमचं बसवून घेतलंय. त्याच्याच शेजारी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे. आपल्याकडे याची गरज जास्त आहे असं माझं ठाम मत आहे, कारण जांभ्याच्या कातळावर अर्थिंगचा रॉड धड खाली उतरत नाही आणि डिसेंबरनंतर माती सुकली की असलेलं अर्थिंगही नावापुरतं उरतं. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांची तुलना करतो. फरक पडला की तोडतो, अर्थिंग कच्चं असलं तरी. पण एक लक्षात ठेवा, न्यूट्रल सुटून व्होल्टेज चढला तर आरसीसीबी काही करत नाही. त्यासाठी प्रोटेक्टरच हवा. दोन्हींची कामं वेगळी आहेत, एकावर भागत नाही.

आता थोडं मन मोकळं करतो. जळलेला मिक्सर मी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला पाठवला. व्होल्टेजने गेलेलं वॉरंटीत बसत नाही, हे मला मान्य होतं. पण त्यांनी तो नऊ आठवडे ठेवला. फोन केला की "बघतो", परत केला की "इंजिनीअर रजेवर आहे". शेवटी तोंडी सांगितलं, पूर्ण बोर्ड बदलायचा, 27 हजार. काय जळलंय ते लिहून द्या म्हटलं, तर दिलं नाही. मिक्सर परत आला तेव्हा मागच्या पट्टीचे पाच स्क्रू नव्हते. मग बाजारातल्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांनी तो उघडला, पॉवर सप्लायचे फुगलेले कपॅसिटर, रेक्टिफायर आणि दोन रेग्युलेटर बदलले. चार चॅनेल कायमचे मेले, बाकीचे बारा आजही चालतात. खर्च 1,800 रुपये. वस्तू देताना पावती, सिरीयल नंबर, समोरून काढलेले फोटो आणि तक्रारीचा कागद सहीसकट घ्या. मी काहीच घेतलं नव्हतं.

तुमच्या घुमण्याबद्दल. मला वाटतं तुमचा मिक्सर एका घराच्या मीटरवर आणि ॲम्प दुसऱ्या ठिकाणच्या बोर्डावर आहे. दोन ठिकाणचे अर्थ एक नसतात आणि मग ऑडिओ केबलच्या जाळीतून फरकाचा प्रवाह फिरतो. सगळा साउंड एकाच बोर्डावर आणा, लांब पडलं तर चांगल्या जाड वायरचं एक्स्टेन्शन ओढा. मिक्सर ते ॲम्प बॅलन्स्ड केबल (जाळीच्या आत आवाजाच्या दोन वायर असलेली) वापरा. लॅपटॉप जोडलेला असेल तर त्याचा चार्जर काढून बघा, बऱ्याचदा चोर तोच असतो. तरीही राहिलं तर ग्राउंड लिफ्टचं बटण असलेला डीआय बॉक्स, म्हणजे ऑडिओ केबलच्या मध्ये लावायचा छोटा डबा, घ्या. तो ऑडिओ केबलची जाळी तोडतो, लाईटच्या अर्थला हात लावत नाही. पिन कापणं आणि हे बटण दाबणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुरून सांगतोय, चूक असू शकते, पण याच क्रमाने तपासा.

आणखी दोन गोष्टी, गणपती पावसात येतात म्हणून. मंडपात येणारी प्रत्येक वायर आत शिरण्याआधी खाली लोंबती ठेवा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी खालीच ठिबकतं, बोर्डापर्यंत येत नाही. बोर्ड जमिनीवर नको, विटेवर किंवा स्टुलावर ठेवा. आणि तुमचं गाव किनाऱ्याला असेल तर जॅक आणि प्लगच्या पिना महिन्याभरात खाऱ्या हवेने काळ्या पडतात. काँटॅक्ट क्लीनर आणून पुसत जा. ढिला, काळा पडलेला प्लग म्हणजे माझ्या त्या चेंजओव्हरच्या पातीचं लहान रूप आहे.

आज रात्री सुरू करण्याआधी तीन आकडे मोजून इथे लिहा: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. ॲम्प कोणत्या बोर्डावर आहे तेही लिहा. तोवर बुवांना माईक हातात देऊ नका.