गाजरगवत गाडलेल्या वाफ्यात मेथी विरळ का उगवली?

प्रश्न : गुडघाभर वाढलेले गाजरगवत उपटून मी वाफ्यातच गाडले आणि चार-पाच दिवसांत तेथे मेथी पेरली. शेजारच्या वाफ्यात त्याच पिशवीतले बी दाट उगवले, येथे मात्र उगवण विरळ असून रोपांची मुळे आखूड आहेत. तणातून खरोखरच विष सुटते का?
– एक वाचक, मांजरी (जि. पुणे)

उत्तर : होय, सुटते. बी एकाच पिशवीतले असल्यामुळे बियाण्याला दोष देता येत नाही, आणि गवत आधीच उपटलेले असल्यामुळे त्याने पाणी, खत किंवा ऊन ओढून घेतले असेही म्हणता येत नाही. भारतात हे गवत 1955 च्या सुमारास प्रथम नोंदले गेले ते पुण्यातच. त्याच्या पानांवरील व फुलांवरील सूक्ष्म लवांमध्ये पार्थेनिन नावाचे कडू द्रव्य असते आणि त्याच्या जोडीला फेरुलिक, कॅफेइक, व्हॅनिलिक यांसारखी फिनॉलवर्गीय आम्ले असतात. ही द्रव्ये पावसाने पानांवरून धुपून, मुळांतून पाझरून आणि मुख्यतः पाला कुजताना मातीत उतरतात. बियातून नुकताच बाहेर पडलेला मोड त्यांच्या सर्वांत आधी तडाख्यात सापडतो, म्हणून बियाला कोंब फुटला तरी मूळ खुंटते. कडधान्यांच्या मुळांवरील गाठी कमी होणे आणि या गवताचे परागकण फुलांवर पडून टोमॅटो, वांगी, मिरची यांची फळधारणा घटणे, असेही परिणाम नोंदले गेले आहेत.

तरीही सगळा दोष या द्रव्यांवर टाकण्याची घाई करू नये, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. प्रयोगशाळेत पानांचा दाट अर्क थेट बियांवर घालतात, त्यामुळे तेथे परिणाम ठळक दिसतो. शेतात मात्र माती त्यातला काही भाग धरून ठेवते आणि जिवाणू बराचसा मोडून टाकतात. शिवाय ओला पाला कुजत असताना बुरशीही बळावते. न उगवलेले बी उकरून पाहावे : ते मऊ पडून त्यावर पांढरी बुरशी धरली असेल, तर कारण बहुधा कुजण्याचे आहे; बी टणक असून मोड मात्र आखडलेला व टोकाशी तपकिरी असेल, तर संशय तणाच्या द्रव्यांवर अधिक जातो. दोन्ही वाफ्यांतील माती दोन कुंड्यांत भरून, सारखेच बी टाकून आणि सारखेच पाणी देऊन पाहिल्यास फरक आणखी स्पष्ट होईल.

वाफा मोकळा ठेवून दोन-तीन वेळा पाणी द्यावे, माती खाली-वर करावी, चांगले कुजलेले शेणखत मिसळावे आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा पेरणी करावी. पुढच्या वेळी हे गवत फुलावर येण्यापूर्वीच, हातमोजे घालून उपटावे, कारण त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगावर पुरळ उठते. उपटलेले गवत वाफ्यात न गाडता खड्ड्यात पूर्ण कुजवल्यास त्याचे खत निर्धास्त वापरता येते. फुले धरलेली झाडे मात्र खड्ड्यात घालू नयेत, कारण एका झाडावर हजारो बिया तयार होतात आणि खड्डा पुरेसा तापला नाही तर त्या खताबरोबर पुन्हा शेतात येतात.