हृदयातली जंताची गाठ: वाचकांचे प्रश्न

इकोमध्ये हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याच्या भिंतीत 4 सेंमीची पाण्याची गाठ दिसली. 'हायडॅटिडची (कुत्र्याच्या फीतकृमीने होणाऱ्या पाण्याच्या गाठीची) शंका' असं लिहिलंय. सुईने पाणी काढून तपासता येईल का?

नाही, हृदयाच्या गाठीला सुई लावू नये. आतलं पाणी दाबाखाली असतं. ते सांडलं तर तीव्र अ‍ॅलर्जी होऊन रक्तदाब कोसळू शकतो, आणि त्यातले जंताचे अंकुर रक्तातून मेंदूत किंवा पायाच्या धमनीत जाऊन अडकू शकतात. यकृतातल्या निवडक गाठींवर सुईचा उपचार होतो, म्हणून हा गोंधळ होतो.

पुढची पायरी म्हणजे हृदयाचा एमआरआय. मोठ्या गाठीत लहान पिल्लू-गाठी दिसल्या तर निदान जवळजवळ पक्कं. भिंतीत कॅल्शियम आहे का, हे सीटी जास्त चांगलं दाखवतं. सोबत पोटाची सोनोग्राफी, छातीचा सीटी आणि मेंदूचा एमआरआय करून घ्या, कारण हृदयातली गाठ अनेकदा एकटी नसते. हायडॅटिडच्या एकूण रुग्णांत हृदयाचा वाटा जेमतेम 0.5 ते 2 टक्के, त्यामुळे शस्त्रक्रिया असे रुग्ण हाताळलेल्या केंद्रातच करावी.

रक्ताची एलायझा (जंताविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारी चाचणी) निगेटिव्ह आली. म्हणजे सुटलो?

तेवढ्यावरून नाही. गाठ शाबूत असेल तर जंताचे घटक रक्तात फारसे उतरत नाहीत आणि चाचणीत दिसण्याइतकी अँटिबॉडी बनलेली नसू शकते. इओसिनोफिलही (जंत-अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) नॉर्मल असू शकतात. स्कॅन बोलत असेल तर स्कॅनचं ऐका.

हे मटणातून होतं का? जंताची गोळी घेऊन टाकू?

मटणातून नाही. गाठी असलेलं मेंढीचं काळीज-फुप्फुस कच्चं खाल्लेल्या कुत्र्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. ती न धुतलेल्या हातांनी किंवा भाजीतून आपल्या पोटात जातात. म्हणून टाकाऊ अवयव कुत्र्यापुढे फेकू नका आणि त्याला पशुवैद्यांकडून वर्षातून किमान चारदा प्राझिक्वांटेल हे जंताचं औषध द्या.

शाळेत देतात ती 400 मिग्रॅची एक गोळी इथे निरुपयोगी. मोठ्यांना अल्बेंडाझोल सहसा 400 मिग्रॅ दिवसातून दोनदा, तूप-तेल असलेल्या जेवणासोबत, काही महिने लागतं. यकृताच्या आणि पांढऱ्या पेशींच्या तपासण्या चालू ठेवून. गरोदरपण आधी तपासावं. औषधाने हृदयातली गाठ फुटण्याची भीती असल्याने केव्हा सुरू करायचं ते सर्जनच ठरवतील.

भाऊ बोलिव्हियात राहून आला. रक्तदानात 'शागास पॉझिटिव्ह' निघालं.

शागास हा लॅटिन अमेरिकेत रक्त पिणाऱ्या किड्यातून पसरणारा, हृदय बिघडवू शकणारा वेगळा परजीवी आजार. वेगवेगळ्या पद्धतीच्या दोन अँटिबॉडी चाचण्या जुळल्या तरच निदान धरा. मग ईसीजी आणि इको. ईसीजीत उजव्या बंडलचा ब्लॉक (हृदयाच्या उजव्या बाजूच्या विद्युत वाटेतला अडथळा) हा नेहमीचा धागा. चक्कर येत असेल तर 24 तासांचा होल्टरही (अंगावर लावून ठेवायचं ईसीजी यंत्र) लावा.