रत्नागिरीसारख्या ठिकाणाहून एमयूएनला (मॉडेल युनायटेड नेशन्स, म्हणजे विद्यार्थ्यांनी एकेका देशाचे प्रतिनिधी होऊन भरवलेली आंतरराष्ट्रीय परिषदेची नक्कल) जायचं तर तयारी कशी करावी? इंग्रजी बेताचं असेल तर निभाव लागतो का?

लागतो. आम्ही रत्नागिरीच्या कॉलेजातून मुंबईला एका एमयूएनला गेलो, तेव्हा फाडफाड इंग्रजी बोलणारं आमच्यात कोणी नव्हतं. भाषण मिनिट-दीड मिनिटाचं असतं, मोबाइलवर वेळ लावून घोटलं की जमतं. खरा वेळ द्यावा लागतो तो वाट्याला आलेल्या देशाला काय हवंय आणि तो कुठवर मागे सरेल, हे शोधायला.

आमची समिती होती जागतिक व्यापार संघटनेची, विषय मासेमारीवरची अनुदानं. माझ्या जोडीदारणीच्या घरचा ट्रॉलर मिरकरवाड्याला लागतो, त्यामुळे विषय कळल्यावर आम्ही खूश. मग देश कळला: न्यूझीलंड! मासेमारीची अनुदानं बंद करा म्हणून वर्षानुवर्षं मागे लागलेल्या देशांपैकी एक. आणि इकडे हिच्या घरी डिझेलचा सरकारी परतावा (म्हणजे अनुदानच) कधी जमा होतो यावर महिन्याचा हिशेब. हिने घरी काकांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे तू आमचाच परतावा बंद करायला मुंबईला चाललीस काय?"

पण तयारी झाली ती त्यांच्याच ओट्यावर. एका फेरीला डिझेल किती, बर्फ किती, खलाशांचा वाटा किती, परतावा थांबला तर कोणाची बोट आधी किनाऱ्यावर बसून राहील, सगळं विचारून घेतलं. समोरच्याचं दुखणं एवढं जवळून कळल्यावर त्याच्याशी घासाघीस करता येते. जिनिव्हातला २०२२चा करार वाचला. त्यात बेकायदेशीर मासेमारीला आणि अतिमासेमारीने घटलेल्या माशांच्या साठ्यांवरच्या मासेमारीला अनुदान द्यायला मनाई झाली, पण ताफे वाढवणाऱ्या अनुदानांचा मोठा प्रश्न तसाच राहिला. विकसनशील देशांना २५ वर्षांची सवलत हवी, ही भारताची मागणी. दुसरं म्हणजे व्यापार संघटनेत निर्णय सहमतीने होतात, एक देश अडला की गाडं अडलं. म्हणजे भारताला हरवून न्यूझीलंडच्या हाती काहीच लागणार नव्हतं. तुमच्या समितीत निर्णय मतांनी होतो की सहमतीने, हे पहिल्या दिवशीच बघून घ्या. बरेच जण बघत नाहीत.

खरं काम अनमॉडरेटेड कॉकसमध्ये, म्हणजे मोकळ्या चर्चेच्या वेळात होतं. लोक खुर्च्या सोडून घोळके करतात, आणि पाच मिनिटांत सगळे हिंदीवर येतात (मुंबईत मराठीवरही). भारताच्या खुर्चीवरचा मुलगा भाषणात तरबेज होता, पण परतावा म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं. हिने त्याला बाहेर चहाच्या टेबलापाशी कागदावर आकडे मांडून दाखवले आणि आत येऊन प्लॅकार्ड (देशाच्या नावाची पाटी) उचलून त्याच मुद्द्याला विरोध केला. संध्याकाळी मसुद्यात दोघांचं मिळून एक कलम होतं: १२ सागरी मैलांच्या आतल्या लहान बोटींना सूट, बाहेरच्या मोठ्या ताफ्यांना मुदत. ते कलम टिकलं. बेस्ट डेलिगेट (उत्तम प्रतिनिधीचं बक्षीस) मात्र दुसरंच कोणी झालं, बहुधा सर्वांत जास्त वेळा बोललेला.

ब्लेझर विकत घेऊ नका, कोणाचा तरी मागून आणा. फी भरण्याआधी राहण्याची सोय त्यात धरली आहे का ते विचारा. आणि तुतारी एक्स्प्रेसने जाणार असाल तर ती सकाळी लवकरच दादरला सोडते, कपडे बदलायला जागा आधी ठरवून ठेवा.