रिक्षा रेघेवर थांबवली, केंद्र वरच्या मजल्यावर : दाद कुणाकडे मागायची?

प्रश्न : मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते, टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला आहे. माझी अम्मा ७६ वर्षांची. चाळीस वर्षं मांडी घालून विड्या वळल्या, त्यात दोन्ही गुडघे कायमचे गेले. वॉकर धरून दहा-बारा पावलं टाकते, मग बसावंच लागतं. १५ जानेवारीला महापालिकेच्या मतदानाला तिला रिक्षानं नेलं. शाळेच्या बऱ्याच अलीकडं फक्कीची रेघ मारली होती. बंदोबस्तावरच्या पोलिसानं ‘शंभर मीटरच्या आत गाडी नाही’ म्हणून रिक्षा थांबवली. अम्मा एका किराणा दुकानाच्या पायरीवर बसली. मी पुढं जाऊन विचारलं तर आमचं केंद्र वरच्या मजल्यावर. ‘मतदारानं एकट्यानं यायचं, सोबत कुणी नाही,’ असं फाटकावर सांगितलं. तेवढ्यात एका उमेदवाराची माणसं गाडी घेऊन आली, ‘आमच्यात बसवा, दारात सोडतो’ म्हणाली. त्यांची गाडी कुणी अडवत नव्हतं. अम्मा नको म्हणाली. मत न देताच तिला घरी आणलं. १९५० ला फोन केला तर ही निवडणूक आमच्याकडं नाही म्हणाले. नंतर तीन कार्यालयं फिरले, प्रत्येकानं दुसऱ्याकडं बोट दाखवलं. जबाबदार कोण? अम्माचं मत परत मिळेल का? पुढच्या वेळी काय करू?

उत्तर : ताई, तुम्ही त्यांना अम्मा म्हणता, मीही तेच म्हणते. आधी वाईट बातमी सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचता येईल. त्या दिवशीचं मत परत मिळणार नाही. महापालिकेच्या निवडणुकीला आव्हान द्यायचं तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १६ खाली निकालानंतर दहा दिवसांत न्यायाधीशांकडे अर्ज करावा लागतो. मतदार यादीत नाव असलेल्या कुणालाही तो करता येतो, पण मुदत गेली की गेली. ती असती तरी एका मतामुळं निकाल बदलला असता हे दाखवता आलं नसतं. राज्यघटनेच्या कलम २४३-झेडजी नं बाकीचे दरवाजेही बंद केले आहेत. निवडणुकीवर आक्षेप घ्यायचा तर तो निवडणूक अर्जानंच. तुम्हाला कुणी ‘केस टाकू, निवडणूक रद्द करू’ म्हणत असेल तर त्याला फी देऊ नका.

पण मत गेलं म्हणून तक्रार संपली असं नाही.

तुम्हाला तीन कार्यालयं फिरवली गेली, त्याचं कारण असं की आपल्याकडे निवडणुकांचे मालक दोन आहेत आणि त्यांची माणसं बऱ्याचदा तीच. लोकसभा आणि विधानसभा घेतो तो भारत निवडणूक आयोग, घटनेच्या कलम ३२४ खाली. १९५० हा क्रमांक त्याचा. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत या निवडणुका घेतो तो महाराष्ट्राचा राज्य निवडणूक आयोग. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनं तो जन्माला आला, कलम २४३-के आणि २४३-झेडए ही त्याची कलमं. महापालिका अधिनियमाचं कलम १४ तेच पुन्हा सांगतं : मतदार यादी आणि निवडणूक यांच्यावर देखरेख, निर्देश आणि नियंत्रण राज्य निवडणूक आयुक्तांचं. सुप्रीम कोर्टानं २००६ साली किशनसिंग तोमर खटल्यात स्पष्ट केलं की आपापल्या क्षेत्रात राज्य आयोगाचा अधिकार केंद्रीय आयोगाइतकाच आहे.

आता गंमत नव्हे, पण गोंधळ बघा. मतदार यादी राज्य आयोग स्वतः तयार करत नाही. विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेला उचलतो आणि प्रभागांप्रमाणे फोडतो; या वेळी ती १ जुलै २०२५ ची होती. नवं नाव घालायचं, मयताचं काढायचं, हे त्याच्या हातात नाही, ते तुमच्या बीएलओकडे, म्हणजे तुमच्या केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे. प्रभागाची हद्द ठरवायचा अधिकार मार्च २०२२ मध्ये कायदा बदलून राज्य सरकारनं आपल्याकडे घेतला. मतदानाच्या दिवशी टेबलामागं बसतात ते शिक्षक, तलाठी, पालिकेचे लिपिक. बाहेर उभे असतात ते पोलीस आयुक्तालयाचे. एवढे हात लागलेल्या कामात प्रत्येकाला दुसऱ्याकडं बोट दाखवायला जागा मिळते. पण कायद्यात ती जागा नाही. घटना सांगते की आयोगानं मागितलं की राज्यपालांनी कर्मचारी द्यायचे. दिले की निवडणुकीपुरते ते आयोगाचे. पालिकेचा अधिकारी निवडणुकीचं काम करतो तेव्हा तो पालिकेचा म्हणून करत नाही.

हा अधिकार किती घट्ट आहे हे आपल्या जिल्ह्यानं अलीकडेच पाहिलं. २०२४ च्या विधानसभेनंतर माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी आकडे पटले नाहीत म्हणून ३ डिसेंबरला गावातच मतपत्रिकेवर मतदान घ्यायचं ठरवलं होतं. प्रशासनानं जमावबंदी लावली, ते मतदान झालं नाही. त्यांची शंका बरोबर की चूक यात मी इथं शिरत नाही. मला त्यातून एकच गोष्ट घ्यायची आहे. मतदान केंद्र उघडायचा हक्क आयोगाखेरीज कुणालाच नसेल, तर ते अम्मांसाठी उघडं ठेवायची जबाबदारीही त्याच आयोगाची आहे. ती रेघेवरच्या हवालदाराची नाही, झोनच्या लिपिकाची नाही आणि तुमची तर मुळीच नाही.

हे माझं मत म्हणून सांगत नाही. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ याचं कलम ११ उघडून बघा, दोन-तीन ओळींचंच आहे. भारत निवडणूक आयोग आणि राज्य निवडणूक आयोग, दोघांचीही नावं घेऊन ते म्हणतं की सर्व मतदान केंद्रं दिव्यांगांना जाता येण्याजोगी असतील याची खात्री त्यांनी करायची. ‘शक्यतो’ नाही, ‘निधी असेल तर’ नाही. आणि इथं एक गैरसमज काढून टाका, कारण तो तुम्हालाही सांगितला जाईल : ‘चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र आहे का?’ चाळीस टक्क्यांची अट आरक्षण आणि काही योजनांसाठी आहे. कलम ११ ‘दिव्यांग व्यक्ती’ म्हणतं, आणि त्या व्याख्येत दीर्घकाळ टिकणारी शारीरिक दुर्बलता, जिच्यामुळं इतरांच्या बरोबरीनं वावरता येत नाही, एवढं पुरतं. विड्या वळून गेलेले गुडघे त्यात बसतात. तरी सिव्हिल हॉस्पिटलमधून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून घ्या. हक्क त्याच्याशिवायही आहे, पण फाटकावर वाद घालत बसावं लागत नाही.

आता त्या दिवशीच्या तीन गोष्टी, एकेक.

शंभर मीटरची रेघ. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १३० मध्ये केंद्रापासून शंभर मीटरच्या आत मनाई आहे ती प्रचाराला : मतं मागणं, कुणाला मत देऊ नका म्हणणं, चिन्ह लावणं. महापालिका कायद्यातली तरतूदही प्रचारालाच मनाई करते. त्या फक्कीत म्हातारीची रिक्षा अडवा असं कुठंही लिहिलेलं नाही. गाड्यांवरची बंधनं वेगळी. ती आयोगाच्या आणि पोलिसांच्या आदेशांतून येतात आणि ती असूच नयेत असं मी म्हणणार नाही, कारण गाड्या भरभरून माणसं आणणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. पण आदेशानं घातलेलं बंधन आदेशानंच सैल करता येतं, आणि केंद्रीय आयोगाच्या सूचनांत आजारी आणि दिव्यांग माणसाच्या स्वतःच्या वापराच्या गाडीचा वेगळा विचार केलेलाच आहे. संसदेनं केलेल्या कलम ११ पुढं बंदोबस्ताचा आदेश मोठा ठरत नाही. त्या पोलिसाला हे कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगणं आयोगाचं काम होतं.

उमेदवाराच्या गाडीला अम्मांनी नको म्हटलं, ते फार बरं केलं. विधानसभा-लोकसभेला उमेदवारानं मतदारांची फुकट ने-आण करणं हा लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्याच कलम १२३(५) खाली भ्रष्ट मार्ग आहे. स्वतःच्या पैशानं रिक्षा किंवा बस करून जाणं त्यात येत नाही. म्हणजे कायद्याच्या नजरेत तुमची रिक्षा चोख होती. अडली ती तीच.

वरचा मजला. याला माफी नाही. मतदान केंद्र तळमजल्यावरच घ्यावं हे केंद्रीय आयोग वर्षानुवर्षं सांगत आलाय. केंद्रांवर लाकडी उतार बसवा असा आदेश सुप्रीम कोर्टानं दिव्यांग हक्क गटाच्या अर्जावर २००४ सालीच दिला. उतार म्हणजे काय हेही समजून घ्या, कारण कागदोपत्री तो सगळीकडं असतो. मी एका निवडणुकीत एका केंद्रावर पाहिलेलं अजून डोळ्यांसमोर आहे : चार पायऱ्यांवर गवंड्याची एक फळी टाकलेली, वर ‘दिव्यांगांसाठी’ अशी चिठ्ठी. एका काकांची व्हीलचेअर अर्ध्यावर गेली आणि मागं घसरली. मागं उभ्या होमगार्डनं पोटानं ती अडवली म्हणून काका वाचले. हिशेब साधा आहे. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो. अर्ध्या फुटाच्या चार पायऱ्या म्हणजे दोन फूट उंची, म्हणजे उतार चोवीस फुटांचा हवा, कडेला धरायला कठडा हवा. सहा फुटांची फळी हा उतार नव्हे. आणि ‘उचलून आणा’ हा तर पर्यायच नव्हे. माणसाला मत द्यायला पोत्यासारखं उचलून का न्यावं?

सोबतीला मनाई. निवडणूक संचालन नियम, १९६१ मध्ये यासाठी दोन वेगळे नियम आहेत आणि केंद्रावर ते नेहमी एकमेकांत मिसळतात. नियम ४९-डी : केंद्रात कुणाला येऊ द्यायचं, त्या यादीत मदतीशिवाय हलता न येणाऱ्या मतदाराचा सोबती आहे. तो दारातून टेबलापर्यंत आणतो, बस. नियम ४९-एन : दिसत नसेल किंवा बटण दाबता येत नसेल तर सोबती मतदान कक्षातही जाऊ शकतो. तो १८ वर्षांचा हवा, त्या दिवशी दुसऱ्या कुणाचा सोबती झालेला नसावा, आणि मत गुप्त ठेवीन असं लिहून द्यावं लागतं. अम्मांना या दुसऱ्या नियमाची गरज नाही, बोटं शाबूत आहेत. त्यांना फक्त तुमचा हात हवा होता, बटण त्यांनीच दाबलं असतं. हे नियम लोकसभा-विधानसभेचे. महापालिकेला आधार कलम ११ चा घ्या. केंद्रापर्यंत पोचायची सोय त्यात सोबतीशिवाय पुरी होत नाही. आणि आत कुणाला घ्यायचं हे मतदान केंद्राध्यक्ष ठरवतात, फाटकावरचा पोलीस नाही. पुन्हा असं झालं तर फाटकाशी वाद घालू नका. ‘केंद्राध्यक्षांना निरोप द्या’ एवढंच म्हणा, आणि निरोप जाईपर्यंत हलू नका. त्यांनीही नाही म्हटलं तर क्षेत्रीय अधिकारी, मग निवडणूक निर्णय अधिकारी. त्यांचे क्रमांक आदल्या दिवशीच वहीत लिहून ठेवा.

आता तुमच्या हातात काय आहे. पहिलं काम माहितीच्या अधिकाराचं : दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. महापालिकेच्या निवडणूक विभागाला तुमच्या प्रभागातल्या सर्व केंद्रांची यादी मागा, प्रत्येक केंद्र कोणत्या मजल्यावर होतं, उतार होता का, व्हीलचेअर होती का, आणि ही पाहणी कुणी, कोणत्या तारखेला केली. शेवटचा प्रश्न विसरू नका, बहुतेक ठिकाणी सगळं तिथंच उघडं पडतं. उत्तर हातात आलं की पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार, राज्य निवडणूक आयोगाला प्रतिवादी करून. साक्षीदार आणि कागद बोलावण्यापुरते त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली तर तीन महिन्यांत त्यावर काय केलं हे कळवणं संबंधितांवर बंधनकारक आहे. वकील लागत नाही.

तिथंही दाद लागली नाही तर रिट याचिका. ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरसाठी मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला बसतं, मुंबईची वारी राहिली नाही. फक्त वेळ सांभाळा. निवडणुकीचा कार्यक्रम एकदा जाहीर झाला की कोर्टं सहसा हात घालत नाहीत, १९५२ च्या पोन्नुस्वामी निकालापासून तसंच चालत आलंय. याचिका आत्ता, निवडणूक नसताना, आणि मागणी निकालाविरुद्ध नाही तर केंद्रांच्या सोयीसाठी. तुमच्या गल्लीत अम्मांसारख्या आणखी कुणाला परत यावं लागलं असेल तर त्यांना बरोबर घ्या. विडी कामगारांच्या वस्तीत अशी गुडघ्यांनी अडलेली माणसं शोधावी लागणार नाहीत.

लोकसभा-विधानसभेची तयारी वेगळी. अर्ज क्रमांक ८ भरून मतदार यादीत अम्मांच्या नावापुढं दिव्यांग अशी नोंद करून घ्या. पालिकेची यादी त्याच यादीतून फुटते, त्यामुळं नोंद दोन्हीकडं दाखवता येईल. यूडीआयडीवर ४० टक्के किंवा जास्त लागले तर घरून मतदानाची सोयही मिळते. त्यासाठी निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत १२-डी अर्ज द्यायचा. ८५ वर्षांवरच्यांना ती प्रमाणपत्राशिवाय आहे. महापालिकेला मात्र ही सोय आपोआप लागू होत नाही, त्या भरवशावर राहू नका.

तक्रारीत त्या पोलिसाचं किंवा केंद्रावरच्या शिक्षकांचं नाव घालायचं की नाही असं तुम्ही विचाराल. मी घालणार नाही. नाव घातलं की त्या माणसाची चौकशी होते आणि पाहणी न करताच केंद्राला मंजुरी देणारा सुटतो. केंद्राचा क्रमांक, खोली, मजला, वेळ आणि रेघेपासून फाटकापर्यंतचं अंतर लिहा. अंतर अंदाजानं नको. शाळा तिथंच आहे, एकदा शिलाईचा टेप घेऊन जा आणि मोजा. खाली सही मात्र अम्मांची हवी, तुमची नको. सही येत नसेल तर अंगठा, शेजारी दोन साक्षीदार, आणि अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच.