जलतरण प्रश्नोत्तरे : बटरफ्लायची लय नेमकी कुठे तुटते?

प्रश्न : माझे वय 36 आहे. फ्रीस्टाइल आणि ब्रेस्टस्ट्रोक मला चांगले येतात. गेल्या वर्षापासून बटरफ्लाय शिकत आहे. आमच्या 25 मीटरच्या तलावात एक लांबी कशीबशी पूर्ण होते, पण बालेवाडीच्या 50 मीटरच्या तलावात उतरलो तेव्हा अर्ध्यावरच कंबर खाली गेली आणि मग हात पाण्याबाहेर निघेनासे झाले. ताकद कमी पडत असावी असे समजून जिममध्ये खांद्यांचा व्यायाम वाढवला, तरी काही फरक पडला नाही. चूक कुठे होत असेल?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : तुम्ही लिहिलेल्या क्रमातच उत्तराचा धागा आहे. आधी कंबर खाली गेली आणि त्यानंतर हात अडकले. कंबर खाली गेली की शरीर पाण्यात तिरके होते, आणि तिरक्या शरीराचे हात पाण्यावरून पुढे आणायचे तर खांदे नेहमीपेक्षा बरेच वर उचलावे लागतात. म्हणजे खांद्यांवर जास्तीचे काम येऊन पडते. ते करण्यासाठी खांदे आणखी बळकट करण्यापेक्षा ते काम त्यांच्यावर येऊच न देणे हा खरा उपाय आहे, आणि त्यासाठी दोन किकांची वेळ तपासावी लागेल.

बटरफ्लायच्या प्रत्येक स्ट्रोकमध्ये, म्हणजे दोन्ही हातांच्या एका फेरीत, दोन किक असतात, हे तुम्हाला शिकवले गेले असेलच. पहिली किक हात पुढे पाण्यात शिरताना बसते. त्याच वेळी छाती किंचित खाली दाबली जाते आणि कंबर वर येते. दुसरी किक हात पोटाखालून मांड्यांपर्यंत ढकलले जात असताना, ते पाण्याबाहेर पडण्याच्या क्षणी बसायला हवी. श्वासही याच सुमारास घ्यायचा असल्यामुळे खांदे वर येण्यासाठी लागणारा आधार ही दुसरी किक देते. प्रौढ वयात बटरफ्लाय शिकणाऱ्यांची पहिली किक बहुधा जोरदार असते आणि दुसरी एक तर पुसट होते किंवा हात बाहेर पडून गेल्यावर बसते. पहिले काही स्ट्रोक ताज्या खांद्यांच्या जोरावर निभावतात, त्यामुळे 25 मीटरच्या तलावात ही उणीव झाकली जाते. भिंतीला पाय लावून मिळणारा जोरही तिथे लवकर मदतीला येतो. 50 मीटरच्या तलावात ही दोन्ही सोय संपते.

या स्ट्रोकचा इतिहासही हेच सांगतो. 1930 च्या दशकात ब्रेस्टस्ट्रोकच्या शर्यतीत काही जण हात पाण्यावरून पुढे आणू लागले, कारण तेव्हाच्या नियमांत त्याला मनाई नव्हती. पाय मात्र ब्रेस्टस्ट्रोकचेच राहिले, आणि त्या पायांमुळे प्रत्येक स्ट्रोकमागे वेग मोडत असे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात प्रशिक्षक डेव्हिड आर्मब्रस्टर आणि जलतरणपटू जॅक सीग यांनी दोन्ही पाय जोडून मारायच्या डॉल्फिन किकची जोड या हातांना दिली. 1952 मध्ये बटरफ्लाय हा ब्रेस्टस्ट्रोकपासून वेगळा प्रकार ठरला आणि 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्याची स्वतंत्र शर्यत झाली. हात आधीपासून होतेच. आज आपण ज्याला बटरफ्लाय म्हणतो तो पायांनी घडवला आहे.

आता किक कशी असावी याबद्दल. ती गुडघ्यातून मारायची नाही. हालचाल छातीपासून सुरू होऊन कमरेतून मांड्यांकडे आणि शेवटी पावलांकडे उतरते. गुडघे वाकतात, पण ते या लाटेमुळे वाकतात. सायकल चालवल्यासारखे गुडघे पोटाकडे ओढले तर मांड्या पाण्याला अडवतात आणि प्रत्येक किकला ब्रेक लागतो. याहून अधिक दुर्लक्षित होणारा भाग म्हणजे पाय वर आणण्याची हालचाल. पाय सरळ ठेवून, नितंबांच्या आणि मांडीमागच्या स्नायूंनी ते पृष्ठभागाजवळ परत आणले नाहीत, तर पुढच्या किकला खाली जायला जागाच उरत नाही. तुमची दुसरी किक हरवत असेल, तर बहुतेक वेळा पहिल्या किकनंतर पाय खालीच राहून गेलेले असतात.

दुसरी तपासण्याची जागा म्हणजे हात पुढे पडल्यानंतरचा क्षण. लाटेसारखी हालचाल हवी असे ऐकून अनेक जण हात पडताच खोल सूर मारतात आणि तिथे थांबतात. वेग मरतो आणि पुढचा स्ट्रोक जवळजवळ उभ्या जागेवरून सुरू करावा लागतो. हात खांद्यांच्या रुंदीवर, पृष्ठभागाजवळच पडावेत. दाबायची ती छाती, आणि तीही थोडीशीच. त्यानंतर कोपर उंच ठेवून तळहात व कोपरापुढचा हात मागे वळवायला लगेच सुरुवात करावी.

सरावासाठी मी तुम्हाला एका हाताच्या बटरफ्लायपासून सुरुवात करायला सांगेन. एक हात पुढे ताणलेला ठेवावा, दुसऱ्या हाताने स्ट्रोक मारावा आणि श्वास फ्रीस्टाइलप्रमाणे बाजूला घ्यावा. खांद्यांवर ताण निम्म्याने कमी झाल्यामुळे लक्ष पूर्णपणे दुसऱ्या किककडे देता येते. मनात ‘पडला – सुटला’ असे म्हणत राहावे : हात पडला की एक किक, सुटला की दुसरी. पुण्यातल्या सकाळच्या बॅचला एका लेनमध्ये चार-पाच जण असतात आणि पूर्ण बटरफ्लायचे हात शेजाऱ्याला लागण्याची भीती असते. अशा गर्दीतही हा सराव कोणालाही त्रास न देता करता येतो. तो स्थिर झाल्यावर दोन स्ट्रोक उजव्या हाताने, दोन डाव्या हाताने आणि दोन दोन्ही हातांनी, असे जोडावे. आखूड फिन्स (पावलांना लावायचे रबरी पंखे) लावून काही लांब्या पोहल्यास लाट कशी जाणवते ते लवकर कळते, परंतु संपूर्ण सराव फिन्स लावून करणे मला पसंत नाही, कारण त्यांमुळे पहिली किकच इतका वेग देते की दुसरी नसली तरी चालून जाते.

आणि काही आठवडे 50 मीटरचा नाद पूर्ण सोडा. अर्धी लांबी चांगला बटरफ्लाय, उरलेली अर्धी सावकाश फ्रीस्टाइल, मग श्वास शांत होईपर्यंत विश्रांती, असे ठेवा. स्ट्रोक मोजत जा. बटरफ्लायच्या तेवढ्या अंतराला एरवीपेक्षा तीन स्ट्रोक जास्त लागले, तर त्या दिवशीचा बटरफ्लाय तिथेच संपवावा. थकलेल्या अवस्थेत रेटून नेलेल्या लांब्यांमध्ये शरीर चुकीची लय पाठ करते आणि ती पुसायला नंतर फार वेळ लागतो. डिसेंबर-जानेवारीत उघड्या तलावाचे पाणी थंड असते, तेव्हा पाण्यात उतरण्याआधी काठावर खांदे आणि पाठ मोकळी करून घेणे टाळू नका.

प्रश्न : बटरफ्लायमध्ये दर स्ट्रोकला श्वास घ्यावा की एकाआड एक? आमच्या ग्रुपमध्ये यावर एकमत नाही. शिवाय माझी मान दुखते.
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : हे अंतरावर अवलंबून आहे. 50 मीटरच्या शर्यतीत, म्हणजे कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांनी 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले त्या शर्यतीत, फार कमी श्वासांवर भागते. 200 मीटरमध्ये तसे केल्यास शेवटची लांबी पार पडणार नाही. अमेरिकेचा ऑलिंपिक विजेता मायकेल फेल्प्स या अंतरात बहुतेक प्रत्येक स्ट्रोकला श्वास घेत असे. भारताच्या साजन प्रकाश यांनी 2021 मध्ये रोम येथे टोकियो ऑलिंपिकची ‘ए’ पात्रता वेळ, म्हणजे थेट प्रवेश देणारी वेळ, गाठली, तीही 200 मीटर बटरफ्लायमध्येच. हौशी जलतरणपटूने मात्र श्वास कोंडून दम घालवण्यापेक्षा दर स्ट्रोकला श्वास घ्यावा आणि तो नीट घ्यावा, असे माझे मत आहे.

तुमच्या मानेचे कारणही ‘नीट’ या शब्दात आहे. तुम्ही समोरची भिंत पाहत असणार. श्वास घेताना हनुवटी पाण्याला जवळजवळ टेकलेली असावी आणि नजर थोडी पुढे, पाण्याच्या पृष्ठभागावर असावी. हात मागे ढकलायला सुरुवात होताच डोके वर यायला लागते, आणि हात पुढे येऊन पाण्यात पडण्याआधी चेहरा पाण्यात परत गेलेला असतो. डोके उशिरा खाली गेले की कंबर बुडते, आणि वरच्या उत्तरातली सगळी साखळी तिथून सुरू होते. पाण्यात असताना हवा नाकातोंडाने सोडत राहावी, म्हणजे वर आल्यावर केवळ आत घेण्याचे काम उरते.

प्रश्न : माझ्या 12 वर्षांच्या मुलीला 100 मीटर बटरफ्लायमध्ये बाद ठरवण्यात आले. वळताना हात मागेपुढे लागले, असे सांगितले गेले. एवढ्याशा गोष्टीसाठी बाद करतात का?
— एक पालक, सिंहगड रोड

उत्तर : होय, करतात, आणि नियम सर्वांना सारखाच आहे. वळताना आणि शर्यत संपवताना दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले पाहिजेत. ते एकाच उंचीवर असण्याची सक्ती नाही. पाय आळीपाळीने हलवणे, तसेच सुरुवातीला किंवा वळणानंतर 15 मीटरच्या पुढे डोके पाण्याखाली ठेवणे, यासाठीही बाद केले जाते. हात मागेपुढे लागण्याचे कारण सहसा घाईत असते : शेवटचा स्ट्रोक भिंतीच्या थोडा अलीकडे संपतो आणि मूल एक हात लांबवून भिंत पकडते. भिंतीपासून 5 मीटरवर बॅकस्ट्रोकसाठी झेंडे लावलेले असतात. त्या झेंड्यांखालून भिंतीपर्यंत आपले किती स्ट्रोक बसतात, हे तिने शर्यतीच्या वेगाने पोहून मोजून ठेवावे. शेवटच्या स्ट्रोकनंतर थोडे अंतर उरलेच, तर नवा अर्धा स्ट्रोक सुरू न करता दोन्ही हात पुढे ताणलेले ठेवावेत, डोके खाली ठेवावे आणि एक जादा किक मारून भिंत गाठावी.