घरी पहिला ब्लेझर शिवताना: कापड, मांजरपाटाचा नमुना आणि बाही

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ब्लाउज आणि कुर्ते शिवण्याचा हात बसलेला आहे, छाती ३६, घरच्या साध्या मशीनवर स्वतःसाठी अस्तर लावलेला ब्लेझर शिवायचा आहे, टेरीवूल (पॉलिएस्टर आणि लोकरीचं मिश्र कापड) घ्यावं का, आणि मागे एका जॅकेटच्या बाहीला खांद्याशी चुण्या आल्या त्या कशामुळे.

टेरीवूलचा प्रश्न आणि चुण्यांचा प्रश्न एकच आहे. बाहीचा वरचा गोल मुंढ्यापेक्षा (बाही जिथे जोडतात त्या गोलाईपेक्षा) मुद्दाम मोठा बेतलेला असतो आणि ती जास्तीची ढिलाई वाफेने आटवून आत घ्यायची असते. लोकर वाफेने आटते, पॉलिएस्टर आटत नाही, ते चुणी होऊन बाहेर येतं. पहिल्या वेळी लोकरीचं प्रमाण जास्त असलेलं, मध्यम जाडीचं, साध्या रंगाचं कापड घ्या. चौकडी नको, रेघा जुळवण्यातच जीव जाईल. ५८ इंच पन्ह्याचं २ मीटर पुरेल, ४४ इंची अस्तरही २ मीटर. कापायच्या आधी सगळ्या कापडाला वाफ देऊन रात्रभर सपाट पसरून ठेवा, म्हणजे जे आटायचं ते आधीच आटेल.

आधी मांजरपाटाचा नमुना शिवा, आणि त्यात कंटाळा करू नका. ब्लाउजची सवय इथे नडते. ब्लाउज अंगाला बसतो. ब्लेझरला छातीत सुमारे ४ इंच ढिलाई लागते, कारण आत शर्ट असतो. दुसरी चूक म्हणजे ‘हात मोकळा हवा’ म्हणून मुंढा खाली खोदणे. मुंढा जितका खाली, तितकं हात वर केल्यावर अख्खं जॅकेट वर ओढलं जातं. नमुना खांद्याचे पॅड लावूनच अंगावर घालून बघा. मानेकडून काखेकडे तिरप्या वळ्या दिसल्या तर खांदा कागदी बेतापेक्षा उतरता आहे; खांद्याचं बाहेरचं टोक उतरवा आणि मुंढाही तेवढाच खाली घ्या. खांदा बसल्याशिवाय कमरेला हात लावू नका.

समोरचे भाग, आतली पट्टी आणि कॉलर यांना पेस्टिंग, म्हणजे इस्त्रीने आतून चिकटवायचं कापड, लावा. विणलेलं, हलकं घ्या आणि त्याचा उभा धागा कापडाच्या उभ्या धाग्यावरच ठेवा. इस्त्री सरकवायची नाही. दाबायची, १० ते १५ सेकंद धरायची, उचलून पुढे ठेवायची. गार होईपर्यंत तुकडा हलवू नका. नंतर फोड येतात ते बहुतेक वेळा एखादी जागा नीट न चिकटल्यामुळे किंवा कापड आधी न आटवल्यामुळे. म्हणून ६ इंची तुकड्यावर आधी करून बघा.

लॅपल (कॉलरखाली छातीवर उलटणारा भाग) जिथून दुमडते त्या रेघेच्या आतल्या बाजूला, छातीकडे एक सूत (इंचाचा आठवा भाग) सोडून, सुती फीत हाताने टाचा. फीत त्या रेघेपेक्षा पाव ते पाऊण इंच आखूड हवी, छाती भरलेली असेल तर जास्त आखूड. हे केलं नाही तर लॅपल छातीवर उघडी पडते आणि कितीही इस्त्री केली तरी बसत नाही. वरची कॉलर खालच्या कॉलरीपेक्षा बाहेरच्या कडेला एक सूत मोठी ठेवा, नाहीतर टोकं वर वळतात. खालची कॉलर उरेब, म्हणजे धाग्याला तिरपी, कापा. कॉलर आणि लॅपल जिथे मिळतात तिथे टीप अचूक त्या खुणेवर थांबवा, मायेत (शिवणीबाहेर सोडलेल्या कापडात) एक टाकाही जाऊ देऊ नका. त्या खाचेतली सुरकुती तिथूनच येते.

आता बाही. गोल आणि मुंढा दोन्ही शिवणीच्या रेघेवर, टेप उभी धरून मोजा. लोकरीला फरक सव्वा ते दीड इंच चालतो, टेरीवूलला पाऊण ते एक इंचाच्या वर नको. जास्त निघाला तर कागदावरच गोलाच्या मधे आडवी घडी घाला. पाव इंच उंची कमी केली की घेर अर्ध्या इंचापर्यंत उतरतो. बाहीच्या कडेवरच्या जुळणीच्या खुणांपैकी पुढच्या खाचेपासून मागच्या खाचेपर्यंत लांब टाक्याच्या दोन टिपा घाला, शिवणीच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना एकेक, आणि धागे ओढा. ढिलाई सगळीकडे सारखी वाटून द्यायची नाही. अगदी माथ्यावर इंचभर जागा सपाट सोडा, कारण तिथे कापड जवळजवळ सरळ धाग्यावर असतं आणि मुरत नाही. दोन्ही बाजूंना ते तिरपं जातं, तिथे सहज मुरतं. गोल घट्ट गुंडाळलेल्या टॉवेलवर ठेवून कडेकडून वाफ द्या, इस्त्रीचं टोक अर्ध्या इंचापेक्षा आत नको. कडेच्या चुण्या दिसेनाशा झाल्या की हाताने बारीक कच्चा दोरा घालून बाही लावा आणि अंगावर घालून बघा. हात सोडल्यावर बाही किंचित पुढे झुकली पाहिजे. मागे जात असेल तर कच्चा दोरा उसवून माथा मागे सरकवा. मग बाहीची बाजू वर ठेवून मशीन मारा. माया बाहीकडे वळू द्या, माथ्यावर उघडून इस्त्री करू नका. त्या मायेला दीड इंच रुंद, ८ इंच लांब वॅडिंगची (मऊ, फुगीर भरणीच्या कापडाची) उरेब पट्टी हाताने टाचली की राहिलेले बारीक खळगे भरून निघतात.

खिसे वरून शिवलेले करा. बोन पॉकेट, म्हणजे कापडाला चीर देऊन कडा पट्टीने बांधलेला खिसा, दुसऱ्या जॅकेटला.

प्रत्येक टीप मारल्यावर लगेच इस्त्री, वर ओलसर मलमल टाकून, आणि वाफ गेल्यावर कोऱ्या लाकडाच्या ठोकळ्याने गार होईपर्यंत दाब. मलमल टाकली नाही तर टेरीवूल चकाकतं, आणि ती चकाकी सहजासहजी जात नाही.

अस्तराला पाठीत मधे एक इंचाची चुणी सोडा. काखेत अस्तराचा मुंढा अर्धा इंच वर ठेवा, कारण जॅकेटची काखेतली माया उभी राहते आणि अस्तर तिच्यावरून जातं. जॅकेटची खालची घडी दीड इंच असेल तर अस्तर तयार लांबीपेक्षा अर्धा इंच लांब कापा. खाली लहानशी घडी पडते आणि बॉर्डर आत ओढली जात नाही.

काजं घरच्या मशीनवर जाड मायेशी अडकतात. सरळ काज-बटणवाल्याकडे न्या, सोबत कापड, पेस्टिंग आणि आतली पट्टी असा तिहेरी तुकडा द्या आणि बटण द्या. तुकड्यावरच्या काजातून बटण पार झालं, की मगच जॅकेट हातात द्या.