पाय काढला, पण रेस उतरेना

प्रश्न : माझी जुनी पेट्रोल कार केबलच्या अ‍ॅक्सिलरेटरची आहे. सकाळी पहिल्यांदा पेडल दाबलं की हलतच नाही. जोर दिला की एकदम सुटतं आणि गाडी उसळी मारते. गॅरेजमध्ये केबल बदलून घेतली. अडकणं गेलं, पण आता पाय काढला तरी रेस पूर्ण उतरत नाही. मेकॅनिक म्हणतो, अख्खी थ्रॉटल बॉडी बदला. बदलू का?

उत्तर : इतक्यात नको. केबल बदलल्यावर अडकणं गेलं आणि रेस चढली, यातच सगळं आलं.

थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात हवा जाते ते तोंड. त्यात हवा कमीजास्त करणारी एक गोल चकती असते, बटरफ्लाय. पेडल सोडलं की ती मिटते. इंजिनातून परत येणारी तेलकट वाफ तिथेच बसते, आणि चकती मिटते नेमक्या त्या जागी काळी चिकट कड धरते. रात्रभर गाडी उभी राहिली की चकती त्या कडेत रुतते. सकाळी तुम्ही जोर लावता तो तिला सोडवायला. नवी केबल बहुधा ताणून बसवलीय. आता चकती पूर्ण मिटतच नाही, म्हणून चिकटत नाही. आणि मिटत नाही म्हणूनच रेस उतरत नाही. रोग आहे तिथेच आहे.

खात्री करून घ्या. इंजिन बंद आणि थंड असताना बॉनेट उघडा, केबल ज्या अर्धगोल चाकाला अडकवलेली असते तिथे ती बोटानं हलवा. तारेसारखी ताठ लागली तर माझा संशय खरा. मग केबल काढून चाक हातानं फिरवा आणि सोडा. ‘टक्’ करून मागे स्टॉपवर, म्हणजे चाक अडवणाऱ्या टेकूवर, आपटलं पाहिजे. सुरुवातीलाच अडलं तर काजळी. कुठेही जड लागलं तर शाफ्ट (चकती ज्यावर फिरते ती दांडी) किंवा स्प्रिंग. चाक मोकळं आणि पेडल जड, तर केबल वळणात दबलीय किंवा पेडलच्या पिनेला गंज आहे. (त्याआधी पायाखालचं मॅट उचलून बघा. हसू नका, तेही अडकतं.) केबल ढिली, चाक स्टॉपला टेकलेलं आणि तरी रेस चढलेली असेल, तर हवा दुसरीकडून शिरतेय : फाटका व्हॅक्यूम पाइप नाहीतर आयडल व्हॉल्व्ह (पाय काढलेला असताना इंजिनाला लागणारी हवा सोडणारा).

काजळी निघाली तर हवेचा पाइप काढा, थ्रॉटल बॉडी क्लीनर फडक्यावर मारा, चकती उघडी धरून कड पुसा. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडू नका, काही बॉडींना आतून लेप असतो. स्टॉपच्या स्क्रूला तर हातच लावायचा नाही. शेवटी केबल किंचित ढिली ठेवून बसवा. इलेक्ट्रॉनिक, म्हणजे बिनकेबलच्या, थ्रॉटलवाल्यांनी मात्र हे वाचून चकती बोटानं ढकलू नये; आतले गिअर खराब होऊ शकतात.

हे होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. चालत्या गाडीत रेस अडकलीच, तर ब्रेक घट्ट दाबून धरा, पंप करू नका. रेस उघडी असताना ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरला इंजिनाकडून पुरेसा व्हॅक्यूम मिळत नाही, दर वेळी ब्रेक जड होत जातो. गाडी न्यूट्रल करा. इंजिन किंचाळेल, किंचाळू दे. चावी गाडी थांबल्यावरच काढा, नाहीतर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

बॉडी बदलायची ती शाफ्टला प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला असेल तर. केबल काढलेलीच आहे, तर चाक धरून वरखाली हलवून बघा. लटलट करत असेल, तर तुमचा मेकॅनिक बरोबर आहे.